अमेरिकेतल्या वाचनालयातलं इंटरनेट, फिल्टर आणि घरी न्यायचा ‘डबा’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात, संगणकांच्या रांगेला लागून असलेल्या टेबलावर मी बसते. मे-जून उजाडला की मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा दुपारचे इकडे फिरकू लागतात. गळ्यातल्या बिल्ल्यावरचं माझं आडनाव वाचतात आणि इंग्रजीत सुरू केलेलं वाक्य मराठीत संपवतात. विचारायचं असतं तेच: संगणक वापरू का, पैसे किती, ही साइट का उघडत नाही, आणि घरी वाय-फाय देणारा तो इंटरनेटचा डबा, म्हणजे हॉटस्पॉट, आम्हालाही मिळेल का. नव्याने आलेल्या तरुण जोडप्यांचे प्रश्नही फार वेगळे नसतात, फक्त ते ईमेलवर येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं.

एक आधीच सांगते. न्यू जर्सीत जवळजवळ प्रत्येक गावाचं वाचनालय वेगळं, विश्वस्त मंडळ वेगळं आणि नियमही वेगळे. खाली जिथे कायदा आहे तिथे तो कायदा म्हणून सांगितला आहे. बाकीचं ‘बहुतेक ठिकाणी असं असतं’ या हिशोबाने वाचा.

कार्ड नसेल तर संगणकाला हात लावता येतो का?

येतो. टेबलावर या आणि ‘गेस्ट पास’ मागा. एका चिठ्ठीवर आकडा छापून मिळतो, तो संगणकावर घातला की तासाभराचं घड्याळ सुरू होतं. स्वतःचा फोन किंवा लॅपटॉप असेल तर चिठ्ठीचीही गरज नाही. वाय-फायला बहुधा पासवर्ड नसतो, फक्त नियमांच्या पानावर ‘मान्य आहे’ असं दाबावं लागतं.

ओळखपत्राची झेरॉक्स आणली आहे. रजिस्टरमध्ये सही कुठे करायची?

हा प्रश्न ऐकला की समोरचा माणूस कुठून आलाय ते विचारावं लागत नाही. भारतात सायबर कॅफेसाठी २०११ सालचे केंद्र सरकारचे नियम आहेत. ओळखपत्र पाहायचं, नोंद ठेवायची, ती नोंद किमान वर्षभर जपायची. ते अंगवळणी पडल्यामुळे आपली माणसं पाकिटातून आधार कार्ड काढूनच उभी राहतात.

इथे संगणकापुरतं तसं काही नाही. कार्ड काढताना ओळख आणि पत्ता विचारतात, कारण पुस्तकं परत यायला हवीत. संगणकावर बसताना मात्र तुम्ही कशासाठी बसताय, काय बघणार, हे कोणी विचारत नाही आणि विचारू नये अशीच आम्हाला शिकवण आहे. झेरॉक्स घडी करून परत खिशात ठेवा.

आम्ही व्हिजिटर व्हिसावर आहोत. कार्ड मिळेल का?

गावागणिक उत्तर बदलतं. मुख्य अट राहण्याची असते, नागरिकत्वाची नाही. व्हिसा कुठला हे विचारायचं कारणच नसतं आणि सोशल सिक्युरिटी नंबरही लागत नाही. फोटोसाठी पासपोर्ट चालतो. अडतं ते पत्त्याच्या पुराव्याशी, कारण भाडेकरार आणि विजेचं बिल दोन्ही मुलाच्या किंवा सुनेच्या नावावर. काही ठिकाणी तुमच्या नावाने त्या पत्त्यावर आलेलं एखादं पत्र चालतं, काही ठिकाणी घरातल्या कार्डधारकाने सोबत येऊन सांगितलं तरी पुरतं. सहा महिन्यांचं तात्पुरतं कार्ड देणारीही वाचनालयं आहेत.

राज्य बदललं की गणितही बदलतं. कॅलिफोर्नियात राज्यातल्या कुठल्याही गावचा रहिवासी बहुतेक कुठल्याही वाचनालयाचं कार्ड काढू शकतो. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचं कार्ड त्या राज्यात राहणाऱ्यालाच नव्हे, तर तिथे नोकरी करणाऱ्याला किंवा शिकणाऱ्यालाही मिळतं. म्हणजे घर जर्सी सिटीत आणि ऑफिस मॅनहॅटनमध्ये असेल तर दोन्ही कार्डं काढा. आपली निम्मी मंडळी हे करत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

हे खरंच फुकट आहे?

तुमच्या हातात बिल येत नाही एवढंच. पैसे तुमच्या मुलाने आधीच भरलेत. न्यू जर्सीत गावच्या वाचनालयासाठी घराच्या बाजारमूल्याच्या हिशोबाने एक-तृतीयांश ‘मिल’ इतका कर कायद्याने ठरलेला आहे. सोप्या भाषेत, ३,००० डॉलरमागे १ डॉलर. सहा लाख डॉलरच्या घरामागे वर्षाला २०० डॉलर झाले. तेव्हा ‘यांच्यावर कशाला भार’ म्हणत दारातून परत जाणाऱ्या बाबांना मी हाच हिशोब सांगते.

इंटरनेटच्या बिलाला आणखी एक आधार आहे, ‘ई-रेट’ नावाची सवलत. १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून ती आली. शाळांना आणि वाचनालयांना इंटरनेटच्या खर्चावर २० ते ९० टक्के सूट मिळते. गाव जितकं गरीब तितकी सूट जास्त. हे नाव लक्षात ठेवा, पुढे फिल्टरच्या, म्हणजे ठरावीक साइट अडवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, प्रश्नात तेच येणार आहे.

आणि ही कल्पना आपल्याला अगदीच परकी आहे असं समजू नका. सयाजीराव गायकवाड १९०६ मध्ये अमेरिकेत आले, इथली मोफत वाचनालयं पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालालाच बडोद्याला घेऊन गेले. बॉर्डनने तिथे तीन वर्षांत मोफत वाचनालयांचं जाळं उभं केलं, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. आमच्या वाचनालयात येणाऱ्या बडोद्याच्या एका आजोबांना हे मी उत्साहाने सांगायला गेले, तर त्यांनीच मला पेटीत किती पुस्तकं असायची ते ऐकवलं.

संगणकावर किती वेळ बसता येतं? प्रिंट काढता येते का?

साधारण एक तास, मागे रांग नसेल तर वाढवून मिळतो. शेवटची पाच मिनिटं उरली की पडद्यावर सूचना येते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. घड्याळ संपलं की संगणक स्वतःला पुसून मूळ अवस्थेत येतो आणि अर्धवट भरलेला फॉर्म कायमचा जातो. मग मलाही तो परत आणता येत नाही.

प्रिंटला पानामागे काही सेंट पडतात, रंगीत महाग. प्रिंट देण्याआधी पानांचा आकडा बघा. विमानाचं तिकीट म्हणून दोन पानांची अपेक्षा असते आणि मागून नियम-अटींची चौदा पानं निघतात. स्कॅन करून ईमेलवर पाठवणं बहुतेक ठिकाणी फुकट असतं. अनेक वाचनालयांत नोटरीही बसतो. भारतातल्या फ्लॅटच्या कागदांवर सही करण्याआधी मात्र तिकडच्या वकिलाला विचारून या. नुसती नोटरी पुरेल की वकिलातीचा शिक्का लागेल, हे इथला नोटरी सांगू शकत नाही.

मराठीत टाइप करायचं आहे.

वाचायला अडचण नाही, देवनागरी सगळीकडे नीट दिसते. टाइप करायला मात्र आमच्या संगणकांवर मराठी कीबोर्ड नसतो, आणि तो बसवायचा अधिकार तुम्हालाही नाही, मलाही नाही. गूगल इनपुट टूल्सचं पान उघडा, मराठी निवडा, रोमन अक्षरांत लिहा, देवनागरी होतं. मग ते उचलून ईमेलमध्ये चिकटवा. ‘ळ’ मोठ्या एलने येतो. याहून सोपा मार्ग म्हणजे फोनवर लिहून स्वतःलाच मेल करणं, आणि बहुतेक जण शेवटी तेच करतात.

भारतातली सरकारी साइट उघडत नाही. तुमच्या फिल्टरने अडवली का?

नव्याण्णव वेळा नाही.

गेल्या हिवाळ्यात एक काका तीन दिवस येत होते. भावाने सातबारा बघायला सांगितलं होतं. रोज तोच संगणक, रोज तेच पांढरं पान आणि त्यावर ‘ॲक्सेस डिनाइड’. तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, “तुमच्या लोकांना आमच्या जमिनीची काय भीती वाटते?” मी त्यांच्या फोनचं वाय-फाय बंद करायला लावलं आणि मोबाइल डेटावर तोच पत्ता उघडला. तिथेही तेच पांढरं पान. म्हणजे दार आम्ही लावलेलं नव्हतं, तिकडून लावलेलं होतं. भारतातल्या काही सरकारी साइट सुरक्षेसाठी देशाबाहेरून येणारी मागणी स्वीकारतच नाहीत. त्याला इथलं कुठलंच वाचनालय काही करू शकत नाही. भावालाच उतारा काढून व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा. काकांच्या भावाने पाच मिनिटांत पाठवला.

खूण लक्षात ठेवा. फिल्टरने अडवलं असेल तर पानावर वाचनालयाचं किंवा फिल्टर कंपनीचं नाव आणि बहुधा कारणही असतं: ‘जुगार’, ‘नग्नता’ वगैरे. नुसतंच ‘डिनाइड’ किंवा पान फिरत राहणं म्हणजे दोष दुसरीकडे.

मग फिल्टर आहे तरी कशासाठी?

मुळात पैशांच्या अटीसाठी. डिसेंबर २००० मध्ये ‘चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन ॲक्ट’ मंजूर झाला. आम्ही त्याला ‘सिपा’ म्हणतो. तो वाचनालयाला ‘फिल्टर लावलाच पाहिजे’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, इंटरनेटसाठी ई-रेटची सूट किंवा संगणकासाठी केंद्राचं ठरावीक अनुदान हवं असेल तर फिल्टर लावा. पैसे नको असतील तर तुमची मर्जी. सॅन फ्रान्सिस्कोच्या वाचनालयाने ती मर्जी वापरली, प्रौढांच्या संगणकांना फिल्टर लावला नाही आणि सवलतीवर पाणी सोडलं. लहान गावाला ही चैन परवडत नाही.

कायदा काय अडवायला सांगतो हेही नीट बघण्यासारखं आहे. तीनच गोष्टी: अश्लील चित्रं, मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं, आणि १७ वर्षांखालची मुलं संगणक वापरत असतील तेव्हा त्यांना घातक ठरणारी चित्रं. चित्रं! मजकुराबद्दल हा कायदा काही बोलत नाही. जुगार, फेसबुक, यूट्यूब, राजकारण, धर्म यांतलं काहीच त्यात नाही. तुमच्या वाचनालयात यूट्यूब बंद असेल तर तो सिपा नव्हे, तुमच्या गावच्या मंडळाचा निर्णय, आणि मंडळाच्या बैठका सगळ्यांसाठी खुल्या असतात. जाऊन विचारा.

याआधी एक मोठा खटला व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत झाला होता. हो, तेच लाउडन, जिथल्या ॲशबर्नमध्ये आता आपली पुष्कळ माणसं राहतात. तिथल्या वाचनालयाने सरसकट सगळ्यांनाच फिल्टर लावला आणि १९९८ मध्ये न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी ते धोरण घटनाबाह्य ठरवलं. या बाई न्यायक्षेत्रात येण्याआधी स्वतः ग्रंथपाल होत्या, हे आम्ही वाचनालयवाले जरा अभिमानाने सांगतो.

पुढे सिपा आल्यावर अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच न्यायालयात गेली. २००२ मध्ये फिलाडेल्फियाच्या न्यायालयाने वाचनालयांपुरता कायदा रद्द केला, पण जून २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायम ठेवला. ठेवताना ज्या गोष्टीवर भर दिला ती तुमच्या कामाची आहे, म्हणून पुढचा प्रश्न वाचाच.

फिल्टर काढून द्या असं सांगता येतं का? कारण काय सांगायचं?

येतं, आणि कारण सांगायचं नाही.

सिपातच तरतूद आहे की प्रौढ व्यक्तीला ‘संशोधन किंवा अन्य कायदेशीर कामासाठी’ फिल्टर बंद करून देता येतो. २००३ च्या खटल्यात सरकारी बाजूने न्यायालयात सांगितलं होतं की प्रौढ माणसाने नुसती विनंती करावी, का हवं ते सांगण्याची गरज नाही. कायदा टिकला त्यात या आश्वासनाचा मोठा वाटा आहे. न्यायमूर्ती केनेडी यांनी तर वेगळं मत लिहून म्हटलं की प्रौढाला अडचणीशिवाय फिल्टर काढून मिळत नसेल तर त्या वापरापुरतं पुन्हा न्यायालयात येता येईल.

हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. एक काकू संगणकावरून उठून आल्या, टेबलाच्या अगदी जवळ वाकल्या आणि इकडेतिकडे बघत म्हणाल्या, “मैत्रिणीसाठी हवंय.” डॉक्टरांनी सांगितलेली छातीची गाठ तपासायची पद्धत त्यांना चित्रांसह बघायची होती आणि फिल्टरने ते पान ‘नग्नता’ म्हणून अडवलं होतं. कसलं पान, कोणासाठी, हे त्यांनी सांगायची काहीच गरज नव्हती. मी माझ्या बाजूने चार आकडे टाकले, त्या सत्रापुरता फिल्टर बंद झाला. दहा सेकंदांचं काम. पण त्याआधी त्या वीस मिनिटं नुसत्या बसून होत्या, कोणाला विचारायचं याच्या संकोचात. ती वीस मिनिटं मला अजून टोचतात.

तेव्हा वाक्य पाठ करा: ‘प्लीज टर्न ऑफ द फिल्टर फॉर माय सेशन.’ एवढंच. पुढे ‘बिकॉज’ लावू नका. तोंडाने म्हणवत नसेल तर कागदावर लिहून द्या. पुष्कळ ठिकाणी अडवलेल्या पानावरच विनंतीचं बटण असतं. आणि हो, कायदा ‘देता येतो’ म्हणतो, त्यामुळे काही वाचनालयं त्या एकाच पानाची चाचपणी करून मग ते उघडतात. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अशा एका वाचनालयाची बाजू उचलून धरली होती. त्यामुळे एखादा ग्रंथपाल ‘उद्या सांगतो’ म्हणाला तर तो आडमुठाच असेल असं नाही, त्याचे नियम तसे असू शकतात.

फिल्टर इतका कसा चुकतो?

कारण तो वाचत नाही, जुळवतो. पूर्वी शब्द जुळवायचा, आता साइटच्या याद्या आणि गट जुळवतो, पण स्वभाव तोच. पेन्सिल्व्हेनियात बीव्हर कॉलेज नावाची शंभर वर्षांहून जुनी संस्था होती. बीव्हर म्हणजे नदीवर बांध घालणारा प्राणी, पण इंग्रजीत त्याचा एक चावट अर्थही आहे. त्यावरून होणारी थट्टा आणि फिल्टरमध्ये अडकणारी साइट या कारणांत धरून २००१ मध्ये त्यांनी नावच बदललं, आर्केडिया युनिव्हर्सिटी केलं. आपल्याकडे रोमन लिपीत ‘दीक्षित’ लिहिण्याची जी एक रीत आहे तिच्या शेवटच्या चार अक्षरांत काय दडलंय ते दीक्षितांना सांगायला नको. इंटरनेटवर फॉर्म भरताना त्यांनी सोसलं आहे.

उलट बाजूही आहे. जे अडवायला हवं ते सगळं अडतंच असंही नाही. फिल्टर आहे म्हणून नातवाला एकटं सोडून भाजी आणायला जाऊ नका.

नातवंडांच्या संगणकावर वेगळं काही असतं का?

मुलांच्या विभागात फिल्टर कडक असतो, आणि ई-रेट घेणाऱ्या वाचनालयात १७ वर्षांखालच्यांसाठी तो काढून मिळत नाही, आई-वडिलांनी सांगितलं तरी. पण मूल काय बघतंय यावर लक्ष ठेवणं वाचनालयाचं काम नाही. आम्ही पालकांच्या जागी उभे राहत नाही, हे बहुतेक धोरणांत स्पष्ट लिहिलेलं असतं. ‘जरा बघा हं याच्याकडे’ म्हणून सोसायटीतल्या वॉचमनला सांगावं तसं सांगून जाणारे आजोबा मला आवडतात, पण हे मला करता येत नाही. ठरावीक वयाखालच्या मुलाला एकटं सोडलं तर नियमाने आम्हाला घरी फोन करावा लागतो. ते वय वाचनालयाच्या दारावर लिहिलेलं असतं.

मी काय पाहिलं हे कोणाकोणाला कळतं?

सत्र संपलं की संगणक पुसला जातो हे वर सांगितलंच. त्यासाठी डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर असतं. तुम्ही उतरवलेली फाइल, उघडलेली पानं, सगळं पुढच्या सुरुवातीला नाहीसं. म्हणून पेन ड्राइव्ह आणा. सिपालाही तुमच्यावर पाळत ठेवणं अपेक्षित नाही, त्यासाठी कोणी तुमच्या मागे उभं राहणार नाही.

वाचकाच्या नोंदी गुप्त ठेवण्याबद्दल न्यू जर्सीत कायदा आहे आणि अमेरिकेच्या जवळजवळ सगळ्याच राज्यांत तो आहे. तुमचा मुलगा येऊन ‘बाबा काय शोधत होते’ म्हणाला तरी मी सांगणार नाही. पोलिस आले तरी नुसत्या विचारण्यावर नाही, न्यायालयाचा कागद लागतो. त्यातही एक पक्कं गणित आहे. जे आम्ही साठवतच नाही ते मागूनही देता येत नाही.

बाकी धोका तांत्रिक नाही, साधा आहे. पडदा शेजारच्याला दिसतो. गोपनीयतेची काच लावलेले एक-दोन संगणक बहुतेक ठिकाणी असतात, ते मागून घ्या. आणि उठताना ईमेलमधून बाहेर पडा. ‘रिमेंबर मी’वर खूण करून उठणाऱ्यांत सत्तरीचे कमी आणि तिशीचे जास्त असतात, असा माझा अनुभव आहे.

बँकेचं काम इथे करावं का? हयातीचा दाखला?

बँकेचं काम शक्यतो स्वतःच्या फोनवरच करा. त्यातच भारतातला नंबर रोमिंगवर चालू नसेल तर ओटीपी येत नाही आणि पासवर्ड बरोबर असूनही गाडी तिथेच अडते. निघण्याआधी सिमचं रोमिंग चालू करून या, हे इथे पोचल्यावर सुचून उपयोग नाही.

निवृत्तिवेतनवाल्यांची गर्दी नोव्हेंबरात होते. जीवन प्रमाणचा चेहरा ओळखण्याचा प्रकार फोनच्या ॲपवर चालतो, आमच्या संगणकाला तो जमत नाही. वाचनालयाचं वाय-फाय वापरा आणि खिडकीपाशी उजेडात बसा. ते जमत नसेल तर वकिलातीतून हयातीचा दाखला घेण्याचा जुना रस्ता आहे. न्यू जर्सीसाठी वकिलात न्यूयॉर्कची. फॉर्म छापून देणं, स्कॅन करणं ही कामं आमच्याकडे होतात.

तो ‘डबा’ म्हणजे काय, आणि तो घरी मिळतो?

तो हॉटस्पॉट. साबणाच्या वडीएवढी डबी, आत मोबाइल कंपनीचं सिम, बटण दाबलं की घरात वाय-फाय. एका वेळी दहा-पंधरा उपकरणं जोडता येतात. नाव आणि पासवर्ड मागे चिकटवलेला असतो. पुस्तकासारखाच कार्डावर मिळतो, दोन ते चार आठवड्यांसाठी, आणि रांग असते. कॅटलॉगमध्ये नाव नोंदवा, पाळी आली की मेल येतो. १८ वर्षांवरील कार्डधारक लागतो आणि एका करारावर सही करावी लागते. म्हणजे आई-बाबांना हवा असेल तर बहुधा मुलाच्या कार्डावर.

कोणाला उपयोगी? नव्या घरात इंटरनेट लागायला आठवडा आहे त्यांना. परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याला. घरी इंटरनेटच नसलेल्यांना तर सर्वांत जास्त, आणि अशी घरं या श्रीमंत देशातही पुष्कळ आहेत. सुट्टीत पेन्सिल्व्हेनियातल्या पोकोनोच्या डोंगरांत फिरायला जातानाही लोक ती नेतात. चालतं, पण डोंगरात त्या कंपनीचे मनोरे नसतील तर डबी नुसतीच उबदार वडी होते.

न्यूयॉर्क आणि शिकागोच्या वाचनालयांनी हा प्रकार २०१५ च्या सुमारास सुरू केला, पण खरा पसरला तो कोविडनंतर. २०२१ मध्ये केंद्राने शाळा आणि वाचनालयांना घरपोच इंटरनेटसाठी सात अब्ज डॉलरहून मोठा निधी दिला, त्यातून डब्या आणि लॅपटॉप आले. तो निधी २०२४ मध्ये संपला. गरीब घरांना इंटरनेटच्या बिलात महिना ३० डॉलर देणारी योजनाही त्याच वर्षी जूनमध्ये बंद पडली. जुलै २०२४ मध्ये दूरसंचार आयोगाने डब्यांना ई-रेटमधून पैसे द्यायचं ठरवलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाचं बहुमत बदलल्यावर तो निर्णय मागे घेतला. ‘पूर्वी वीस डब्या होत्या, आता आठच कशा?’ असं कोणी मला विचारतं तेव्हा हा सगळा इतिहास सांगायला वेळ नसतो. नव्या डब्या आता गावच्या पैशातून किंवा ‘फ्रेंड्स ऑफ द लायब्ररी’वाले जुनी पुस्तकं विकून जे जमवतात त्यातून येतात.

परत द्यायला उशीर झाला तर?

पुस्तकाला उशीर झाला तर आम्ही हसून सोडून देतो, पुष्कळ वाचनालयांनी दंडच काढून टाकलाय. डबीचं तसं नाही. मुदत संपली की एक-दोन दिवसांत आम्ही इथूनच तिचं इंटरनेट तोडतो. मग ती ठेवून काही उपयोग नाही. हरवली तर भरपाईची रक्कम करारावर छापलेली असते, सही करण्याआधी ती वाचा. वायर आणि चार्जरचे पैसे वेगळे लागतात, आणि हरवतात नेहमी तेच.

बाहेरच्या पुस्तकांच्या पेटीत डबी टाकू नका. वर चार किलोचे कुकबुक पडतात. टेबलावर हातात द्या.

लॅपटॉपही मिळतो का?

मिळतो, बहुतेक क्रोमबुक. काही ठिकाणी फक्त इमारतीत वापरायला, काही ठिकाणी डबीसोबत पिशवीतून घरी. क्रोमबुकवर विंडोजचे प्रोग्रॅम चालत नाहीत, टॅक्सचं सॉफ्टवेअर बसवायला नेऊ नका. परत दिला की आम्ही तो पुसतो, तरी तुम्ही स्वतःच्या खात्यातून बाहेर पडूनच द्या. वाचनालयाच्या उपकरणावर घरीही फिल्टर असू शकतो. तो काढायची विनंती घरूनही करता येते.

एकदा कॅटलॉगमध्ये ‘थिंग्ज’ हा शब्द शोधून बघा. शिवणयंत्र, उकुलेले, विजेचा वापर मोजणारा मीटर, संग्रहालयाचे पास असं काय काय निघतं. दुर्बिणी देणारी वाचनालयंही आहेत, तो प्रकार न्यू हॅम्पशरच्या हौशी खगोलमंडळाने २००८ मध्ये सुरू केला.

डबी भारतात घेऊन जाऊ का?

नाही. तिचं सिम तिथे चालणार नाही, आणि इथे तुमच्यामागे बारा जणांची रांग आहे.

वाचनालय बंद असतं तेव्हा वाय-फाय चालतं का?

पुष्कळ ठिकाणी रात्रीही चालू ठेवतात. २०२० मध्ये दारं बंद होती तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी गाड्यांची रांग लागायची, आत मुलं मांडीवर लॅपटॉप घेऊन शाळेत बसलेली. सिग्नल सर्वांत चांगला इमारतीच्या उत्तरेच्या भिंतीशी मिळतो, कारण यंत्र त्या बाजूच्या खिडकीवर आहे. तिथे एक जागा अपंगांसाठी राखीव आहे, ती सोडून लावा.